बिनपावसाचं पाणी

नरसय्या वैशाखात बुडाला. आभाळात एक ढग नसताना.

हे वाक्य सोलापुरात कुणालाही सांगून बघा. पटणार नाही.

त्याच्या आईलाही पटलं नाही.

आज वैशाख अमावास्या. दर वर्षी या दिवशी अण्णा, म्हणजे माझे आजोबा, ही गोष्ट सांगायचे. त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली, म्हणून आता मी सांगतो. त्यात आमच्या सायकल ग्रुपने काल रत्नागिरीच्या 'कोस्टल राईड'चा मॅप टाकलाय. चढ-उतार आहेत, नाश्त्याचे पॉइंट आहेत. भरती-ओहोटीच्या वेळा नाहीत. विद्वान मंडळी!

गोष्ट तिसाच्या दशकातली. अण्णा भिक्षुकाच्या घरातले, नुकतेच शाळामास्तर झालेले. नरसय्या तेलुगू विणकराचा मुलगा. तो अण्णांना 'पंतुलू' म्हणायचा. त्याच्या भाषेत भटजी आणि मास्तर, दोन्ही एका शब्दात उरकतात.

दोघांना व्यसन एकच. सायकल.

अक्कलकोट झालं, नातेपुते झालं. मग मे महिन्याच्या सुट्टीत नरसय्या म्हणाला, "पंतुलू, समुद्र बघून येऊ की."

निघाले. सांगोला, मिरज, कोल्हापूर. आंबा घाट उतरताना ब्रेकवर भरवसा नव्हता, म्हणून सायकलींच्या मागे झाडाच्या फांद्या बांधल्या. त्या फरफटत आल्या की वेग आवरतो. धुरळा असा उठला की मागच्या गाडीवानाने दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

रत्नागिरीत मुक्काम ठेवून रोज एक दिशा धरायची, असा बेत. एक दिवस दीपगृहाकडे. एक दिवस दक्षिणेला, सायकली होडीत घालून खाडीपलीकडे.

अमावास्येला उत्तरेकडे. किनाऱ्याकिनाऱ्याने.

सकाळची ओहोटी. ओली, घट्ट वाळू. चाक रुतत नाही.

"लई भारी रोड हाय!" नरसय्या ओरडला. "आपल्या म्युनिसिपालिटीला आणून दाखवाय पायजे की!"

वाटेत एका लहान खाडीचं तोंड लागलं. पाणी घोट्याएवढं. सरळ पार झाले.

इथे सोलापूरकर चुकणारच. आपल्याकडे सीना काय, भीमा काय, उन्हाळ्यात नदीचं पात्र म्हणजे रस्ता. बैलगाड्या जातात, कलिंगडं पिकतात. पाणी येणार कधी? वर कुठे पाऊस झाला तर. ढग नाही, तर पाणी नाही.

लांबून एक होडीवाला हात हलवून काहीतरी सांगत होता.

दोघांनी हात हलवून त्याला रामराम केला.

अण्णांना पंचांग तोंडपाठ. कोणत्या तिथीला काय खाऊ नये, इथपर्यंत. समुद्रही अमावास्या पाळतो, एवढं मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

पलीकडे देवळात बसले, शहाळी प्यायले. भर दुपारी परतले, तर मघाच्या वाळूवर पाणी.

"कंबरभर असंल," नरसय्या म्हणाला. भीमेत करायचा तशी सायकल खांद्यावर घेतली आणि पुढे झाला.

पाणी छातीला लागलं तेव्हा अण्णा थांबले.

नरसय्या थांबला नाही.

मग दिसलाच नाही.

गावकऱ्यांनी होड्या घातल्या. सायकल मिळाली. तो नाही.

अण्णा एकटे सोलापूरला आले आणि थेट राजव्वाकडे, त्याच्या आईकडे गेले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"पाऊस न्हाय, पूर न्हाय. पोरगं बुडलं कसं?"

"अव्वा, समुद्राचं पाणी आपोआप चढतं."

"आपोआप? दूध हाय व्हय ते?" मग म्हणाली, "सायकल गावतीया आन् माणूस गावत न्हाय? मुंबईला मिलमध्ये लावून आलास की त्याला. खरं सांग, मी रागवत न्हाय."

क्रियाकर्म तिने करू दिलं नाही. जिवंत माणसाचं कसलं करायचं? रस्त्यात अण्णा दिसले की हाक मारायची, "ए खोटारड्या पंतुलू, माझं पोर कुटं हाय?" पेठेतले लोकही हळूहळू अण्णांकडे तसंच बघू लागले.

वर्षभर हे चाललं.

पुढच्या वैशाखात अण्णा तिला म्हणाले, "अव्वा, चल. तुझ्या डोळ्यांनी बघ."

आगगाडी, मग सर्व्हिस मोटार. अमावास्येच्या सकाळी तिला त्याच खाडीच्या तोंडाशी नेलं. वाळू उघडी पडलेली. बायका शिंपल्या वेचत होत्या.

राजव्वा हसली. "हितं बुडतंय माणूस? हितं तर कोंबडीबी बुडायची न्हाय."

"बस जरा," अण्णा म्हणाले.

ती बसली. अण्णा मागे उभे. ऊन लख्ख.

शिंपल्यावाल्या बायका टोपल्या उचलून निघून गेल्या. वाळूवर आधी नुसती ओल चढली. मग एक पातळ लाट. मग दुसरी, जरा पुढे. पाणी तिच्या पावलांना लागलं.

राजव्वाने पाण्याकडे पाहिलंच नाही. तिने वर पाहिलं. सगळं आभाळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

ढग नव्हता.

लुगडं भिजलं, तरी उठेना. अण्णांनी हाताला धरून मागे ओढलं.

"खरं बोलत व्हतास की रे," ती म्हणाली.

अण्णा आम्हाला सांगायचे, "वर्षभर हेच एक वाक्य ऐकायला तडफडलो. ऐकलं आणि वाटलं, जन्मभर खोटारडा म्हणत राहिली असती तर बरं झालं असतं."

मग ती म्हणाली, "आता काय करायचं असतंय ते कर."

अण्णांनी तिच्या ओंजळीत पाणी दिलं. पाणी भरतीचं खारं, आजूबाजूला कुणी नाही, दर्भ नाही, तीळ नाहीत. शास्त्रात बसतं का, हे मी एकदा विचारलं होतं. संस्कृत नवीन नवीन शिकत होतो ना. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा विचारलं नाही.

संकल्प सुरू केला. देश, काळ, मास, तिथी. सगळं बरोबर आलं.

त्यानंतर गेलेल्या माणसाचं नाव घ्यावं लागतं.

तिथे अण्णा अडले. तोंड उघडायचे, नाव निघेना. मंत्रांच्या घरात जन्मलेला माणूस.

राजव्वा भरली ओंजळ धरून थांबली होती. बोटांतून पाणी गळत होतं.

शेवटी तीच म्हणाली,

"नरसय्या म्हण."

नरसय्या, मी तुला कधी पाहिलं नाही. आमच्या घरातून आज तुला नमस्कार.