गाळलेलं शेवटचं प्रकरण

प्रल्हाद गेल्याचं मला पेपरातल्या शोकसभेच्या चौकटीतून कळलं. ‘नामांतराच्या लढ्यातला झुंजार कार्यकर्ता.’ सभेत त्याचे पीएच.डी.चे जुने मार्गदर्शकही तेवढंच बोलले. फिजिक्सबद्दल चकार शब्द नाही! माझं डोकंच फिरलं. अहो, मोर्चात तो होताच, लाठ्याही खाल्ल्या त्यानं. पण जीव अडकला होता तो प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात. ते गाळायला लावलं कोणी?

छावणी भागात माझं टायपिंगचं दुकान होतं. पडेगावचा प्रल्हाद सकाळच्या शिफ्टला कारखान्यात रबरी वॉशरची जाडी मोजायचा आणि दुपारी क्वांटम मेकॅनिक्सचा प्रबंध टाइप करून घ्यायला यायचा. मला ओ की ठो कळायचं नाही. एकदा त्यानं खिशातून डायल गेज काढलं, घड्याळासारखं काट्याचं मापयंत्र. “जोरात दाबलं की रबरच दबतं, माप खोटं. हळूच टेकवलं तर काटा थरथरतो, एका मापावर भरवसा नाय. म्हणून लई मापं घ्यायची आन् सरासरी काढायची. कणाचंबी तसंच.”

“मग भांडण कशाचं?”

“आमचा सुपरवायझर नापास वॉशर आधी फेकतो, मग सरासरी काढतो. कणांतबी शास्त्रज्ञ शेवटी हवे तेवढेच निवडतात, आन् मग सरासरी अशी येते की एका कणाचं माप एरवी तेवढं कधी यायचंच नाय. लोक म्हणतात, हा त्या कणाचाच गुण. म्या म्हणतो, आकडा खरा हाय, पण त्यात निवडणाऱ्याचाबी हात हाय. फेकलेले कोण, ते आधी सांगा!”

हेच ते प्रकरण. मार्गदर्शक म्हणाले, “गणित ठेवा, अर्थ लावू नका. तुम्हा लोकांना सगळीकडे अन्यायच दिसतो.” प्रल्हाद ते सांगायला दुकानात आला... आणि मी, मोठा शहाणा, म्हणालो, “लेका, आधी सही पदरात पाडून घे. अर्थ काय, मागून लावता येईल.” त्यानं प्रबंधाचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. ती बारा पानं मीच काढली, अनुक्रमणिका पुन्हा टाइप केली. पदवी मिळाली, पण त्या विषयावर त्यानं परत एक ओळ लिहिली नाही. त्या मार्गदर्शकाचा संताप येतोच, पण माझा स्वतःचा जास्त येतो.

पानं अजून माझ्या खणात आहेत, वर त्यानं दिलेलं गेज आणि एक वॉशर. सभेहून आल्यावर मोजायला बसलो. अंगठा असा दाबला गेला की काटा पार भलतीकडे गेला.

माप खोटं आहे, प्रल्हाद, ठाऊक आहे मला. पण आता हात हलका होत नाही.