नागोजीरावांची हरकत

म्हैसूरच्या आमच्या अग्रहारातले नागोजीराव रोज सकाळी सहाला स्कूटरवरून जवळच्या वरुणा गावाकडे निघतात. तिकडे त्यांचा छोटासा बर्फाचा कारखाना आहे. मंडी मोहल्ल्यातले सरबतवाले आणि शहरातली निम्मी मंगल कार्यालयं त्यांच्याच लाद्यांवर उन्हाळा काढतात.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना तिथल्या ग्रामपंचायतीची नोटीस आली. नागोजीरावांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेतले. सरकारी शिक्क्याचा कागद आला की कपाळाला लावून देव्हाऱ्यात ठेवायचा, ही घराची जुनी रीत. नागोजीरावांनी ती पाळली आणि कागद वाचायचा राहून गेला.

अठ्ठावीस दिवसांनी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई देव्हारा पुसत होत्या. त्यांनी कागद उघडला.

"अय्यो! अहो, ही नोटीस देवानं वाचावी म्हणून ठेवली होती की काय?"

कारखान्यात जळणाऱ्या विजेच्या प्रत्येक युनिटवर पंचायत 'औद्योगिक आकार' घेणार होती. हरकत तीस दिवसांत नोंदवायची. ती नोंदवली नाही, तर आकार भरल्याशिवाय परवान्याचं नूतनीकरण नाही. एवढा आकार भरून कारखाना चालणंच शक्य नव्हतं.

तो दिवस आणि पुढचा दिवस नागोजीराव वाचनालयात पंचायत कायद्याचं कन्नड पुस्तक घेऊन बसले. पंचायतीला कोणकोणते कर लावता येतात, ती यादी त्यांनी ओळीवर बोट ठेवून तीनदा वाचली.

तिसाव्या दिवशी हरकतीचा अर्ज घेऊन दोघं पंचायतीत गेले. त्या दुपारी नेमकी सभा होती. सचिव चिदंबर यांनी त्यांना आत बोलावलं.

"स्वामी, वीज पंचायत देते का?" नागोजीरावांनी विचारलं.

"छे, वीज कंपनी देते."

"पाणी?"

"तुमची बोअर आहे की."

"मग हा आकार कशाचा? सेवा दिली तर शुल्क घ्या. कर लावायचा तर तो कायद्यात हवा. घरपट्टी मी भरतोच. हा आकार कुठल्या कलमात आहे, तेवढं दाखवा."

"अहो, मोठ्यानं बोला," सरस्वतीबाई मागून म्हणाल्या. "पंख्याला तरी ऐकू जाऊ दे!"

चिदंबर यांनी पुस्तक उघडलं. बराच वेळ पानं उलटली. मग चष्मा काढून ते स्वतःशीच हसले.

"शेजारच्या पंचायतीनं लावला, म्हणून आम्हीही लावला. त्यांना कुणी विचारलंच नसेल."

सदस्यांनी तिथंच ठराव मागे घेतला. चिदंबर यांनी परवान्यावर शिक्का मारून दिला.

एक म्हातारे सदस्य जरा हिरमुसले होते. "मग आमच्या जत्रेला बर्फ तरी फुकट द्या," ते म्हणाले.

"दहा लाद्या देतो," नागोजीराव म्हणाले. "पण ठरावात लिहू नका. माझ्या खुशीनं देतोय."