पाटाला पाय

वैनींच्या घरी गेलं की चहाच्या आधी माप व्हायचं. तुम्ही टेकलात की त्या समोर उकिडव्या बसायच्या आणि टाचेपासून गुडघ्यापर्यंत तुमच्या पायावर वीत टाकायच्या. काहीतरी पुटपुटायच्या आणि म्हणायच्या, "तुमाला त्यो कोपऱ्यातला स्टूल." पहिल्यांदा मी अशी लाजले म्हणता! पण त्या स्टुलावर बसले आणि खरं सांगते, उठावंसंच वाटेना.

विश्रामबागेत आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांची भाड्याची खोली होती. मी शाळेत शिकवायची, म्हणून त्या मला बाई म्हणायच्या. त्या पाटणकडच्या शेतकरी घरातल्या. नवरा फौजेत होता, तो लढाईत गुडघ्याला गोळी लागून कायमचा घरी आला. डावा गुडघा पुन्हा वाकला नाही. फौजींचं खाली बसणं गेलं आणि बोलणंही निम्मं गेलं.

तेव्हा सांगलीच्या बाजारात भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्यांची मांडणी नवीन आली होती. सुतळीनं बांधलेला पट्ट्यांचा गठ्ठा, पातळ पत्र्याचे कप्पे आणि नटबोल्टची पुडी. स्वस्त आणि डुगडुगती. आपण सगळ्यांनी ती घरी आणून जोडली आणि तिच्यावर डबे ठेवले, हो ना? वैनींनी तिची मांडणी केलीच नाही. करवतीचं पान घेऊन अंगणात बसल्या. बसून अंघोळ करायला मोरीत बैठक केली, धरून उठायला खाटेला कठडा केला. पाना कायम कमरेला खोचलेला.

"आदी माणूस मोजायचा, मग लोखंड कापायचं," त्या म्हणायच्या. "दुकानदारानं काय आमच्या ह्यांचा गुडघा बगितलाय व्हय?"

मी नुसती बघत राहायची. आमची मांडणी मेली वर्षभरात एका अंगाला कलली होती!

पण फौजी गावी काही जाईनात. त्यांच्या घरी यात्रेच्या पंगतीत आबांच्या, म्हणजे त्यांच्या वडलांच्या, शेजारी थोरल्या लेकाचा पाट असायचा.

"आबा खाली पाटावर आन मी वर खुर्चीत?" फौजी म्हणायचे. "जीव गेला तरी न्हाई."

अशा काही यात्रा त्यांच्याविना गेल्या. मग आबांचाच निरोप आला, "यायचं नसंल तर ऱ्हाऊ दे." त्या दिवशी फौजी भिंतीकडे तोंड करून पडून होते.

"बाई, बापलेकाचं तुटाय लागलंय वं," वैनी मला म्हणाल्या. "निस्त्या बसायच्या उंचीपायी."

त्यांनी जमिनीलगतची एक बुटकी बैठक केली. फौजी बसले खरे, पण त्यांना उठवायला आम्ही दोघी लागलो.

"पंगतीत मला उचलाय माणसं बोलवनार हायस?" असं ओरडून त्यांनी ती बैठक अंगणात भिरकावली.

वैनींनी शांतपणे ती उचलली आणि बोल्ट सोडवायला घेतले.

"चुकलंच माजं," त्या म्हणाल्या. "मोजायचा माणूस दुसराच हाय."

मला काही उमगलं नाही. नंतर बघते तर दोन वेगळ्या उंचीच्या चौकटी तयार. एक फौजींची, दुसरी आबांची!

"अहो, आबांचं माप कुठून आणलंत?"

"दिवाळीला गेलते, तवा पाया पडले की. माजी सवय तुमाला ठावं हाय."

सासऱ्याच्या पायाचं माप, तेही नमस्कार करता करता! मी तिथल्या तिथे हात जोडले. काय बाई म्हणावं हिला?

"निस्तं चला. बसायचं का न्हाई ते तितं ठरवा," असं म्हणून त्यांनी यात्रेला फौजींना गाडीत बसवलं. मलाही ओढून नेलं. पट्ट्यांचे गठ्ठे एसटीच्या टपावर.

गावी घराच्या पुढच्या सोप्यात पंगतीची तयारी चालली होती. वैनींनी पाना काढला, चौकटी जोडल्या, आबांचा रोजचा पाट भिंतीवरून काढून एकीत बसवला, थोरल्या लेकाचा दुसरीत. पुढं ताटासाठी तसाच उंच चौरंग.

"ह्ये काय?" आबा गरजले. "मी काय सायेब हाय व्हय?"

"आवं मामंजी, पाट तुमचाच हाय. निस्तं पाय लावल्यात."

फौजी दाराशी भिंत धरून उभे. आबांनी काठीनं पाट ढोसला, हलवून पाहिला. हलेना. मग सावकाश टेकले. दोन्ही तळवे भुईला सपाट लागले. कितीतरी वेळ ते स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत राहिले.

"आयला," ते हळूच म्हणाले, "लय दिसानं गप झालं बग गुडघं."

म्हाताऱ्याचे गुडघे दुखतात हे त्या भरल्या घरात कुणाला माहीत नव्हतं!

"ये रं," आबांनी लेकाला हाक मारली.

फौजी येऊन शेजारी बसले. पण तो ताठ पाय समोर आला, वाढणाऱ्यांच्या वाटेत आडवा. त्यांनी तो ओढून घेऊन पाहिला. सगळी पंगत बघत होती. त्यांचा चेहरा लालबुंद झाला आणि उठायला त्यांनी चौरंगावर हात रोवला.

आबांनी आपलाही पाय समोर लांब केला, सरळ, लेकाच्या पायाला लावून.

वैनी रश्श्याचं पातेलं घेऊन आल्या होत्या. त्या दोन पायांपुढे त्या थांबल्या. पळी हातातच राहिली, डोळे भरून आले.

"बगतीस काय?" आबा म्हणाले. "वाढ की. तिकडनं वळसा घाल."