अकोल्याच्या उन्हात बर्फाची कादंबरी

अकोला स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळच होती, तरी फलाटाची फरशी चपलेतून भाजत होती. मे महिन्यात वऱ्हाडात जाऊ नये असं पुण्यात सगळे सांगतात. पण माझी मावसबहीण शालूताई फोनवर धड बोलेना, म्हणून मी निघालेच. शालूताई पन्नाशीची, विधवा. शाळांचे गणवेश शिवण्याचं तिचं दुकान आहे.

दुपारी वीज गेली आणि कूलर थांबला. आम्ही खिडक्यांना ओल्या चादरी बांधल्या, बादलीत पाय सोडले आणि प्रवासासाठी घेतलेली कादंबरी मी मोठ्यानं वाचू लागले. डोंगरातलं गाव, खिडकीपर्यंत चढलेला बर्फ, शेकोटीपाशी प्रियकराची वाट पाहणारी मीरा. तिनं शाल गुंडाळून घेतली की आमच्याही अंगावर शहारा यायचा. पन्ह्याचे पेले रिकामे होत होते. इतक्या चवीनं मी कित्येक वर्षांत काही वाचलं नव्हतं.

"थांब," शालूताई एकदम म्हणाली. "तिचा मानूस कुठी हाये?"

"घाटापलीकडे. बर्फानं रस्ता बंद झालाय."

"मंग थे काहून (का) बसून राह्यली? उठून जात काहून नाई?"

मग तिनं सांगितलं. मोर्शीचे भास्कर गुरुजी, विधुर, शाळेच्या गणवेशांसाठी दुकानात येत. हिवाळ्यात त्यांनी लग्नाचं विचारलं. ही म्हणाली, विचार करून सांगते. तेवढ्यात विहिरी आटल्या. मोर्शीकडच्या कितीतरी संत्राबागा तेव्हा उभ्या वाळत होत्या, त्यात गुरुजींचीही गेली. त्यांनी निरोप धाडला, माझा विचार सोडून द्या.

"उद्या मोर्शीले जाऊ. तू चाल संग."

"जरा पाऊस पडू दे, मग जाऊ," मी म्हटलं.

"पावसाची वाट पाहूपाहूच त्याईची बाग वाळली."

सकाळी डोक्याला दुपट्टे बांधून, ऊन लागू नये म्हणून पिशवीत कांदा टाकून आम्ही एसटीत बसलो. मूर्तिजापूरच्या पुढे टायर फुटलं. बाभळीच्या सावलीत मी पुस्तक उघडलं, तर उन्हानं बांधणीचा गोंद सुटलेला. वावटळीनं पानं रस्ताभर उडवली. टरबुजं घेऊन निघालेले एक आजोबा आमच्याबरोबर पानं वेचू लागले.

"काय हाये यात, बाई?"

"बर्फ पडलाय सगळीकडे."

"मंग लवकर झाका. वितळन ना!"

काही पानं शेतांत गेली ती गेलीच. अमरावतीला गिलावडा (चटणीत भिजवलेला वडा) खाऊन दुसरी बस धरली. खिडकीतून गरम वारा थापडा मारत होता. उरलेल्या पानांतून मी वाचत होते, आणि शालूताई दर थोड्या वेळानं मीरावर चिडत होती.

मोर्शीबाहेर गुरुजींची बाग होती. झाडं रांगेत उभी, पान एकही नाही. आम्हाला पाहून गुरुजी गडबडले. खाट ओढून दिली, माठातलं पाणी दिलं आणि स्वतः उभेच राहिले.

"कायच्या भरवशावर बोलावू तुमाले, बाई? आता काईच नाई माह्यापाशी."

"मी काय झाडाईसंग लगन कराचं म्हनलं व्हतं?"

गुरुजी माठावरचं झाकण उगाच नीट करू लागले.

"माही मशीन हाये. शाळा इथंबी हायेत," ती म्हणाली. "मले फक्त एवढं सांगा, तुमाले मी पाह्यजे का नाई?"

मग गुरुजींनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "पाह्यजे," ते म्हणाले आणि खाटेच्या कडेवर बसले. जेवायला पिठलं-भाकर होती. पहिली भाकर शालूताईनं त्यांच्या ताटात वाढली.

परत अकोल्याला येऊन आम्ही तिची शिलाई मशीन मोर्शीला निघालेल्या टेम्पोत चढवली. टेम्पोवाल्याच्या शेजारी ती ताठ बसली होती, मांडीवर कात्रीची पेटी. तिनं मागं वळून पाहिलं नाही. मी स्टेशन गाठलं.

गाडीत कादंबरी संपवली. बर्फ वितळला, रस्ता मोकळा झाला, तेव्हा कुठे मीराला तिचा माणूस मिळाला. शेवट गोड होता. पण मला राहून राहून वाटत होतं, मधल्या दोनशे पानांत बाईनं एकदा तरी दार उघडून बाहेर पडायला हवं होतं.

पुण्यात शेजारणीनं माझं रापलेलं तोंड पाहून विचारलं, "एवढ्या उन्हात कशाला गेला होतात?"

"लग्न ठरवायला," मी म्हणाले, आणि कुलूप उघडलं.