तात्यांनी दोनदा वाचलेलं पुस्तक

गेवराईच्या एका कार्यक्रमात आम्हा तिघा लेखकांना एका टेबलामागे बसवलं होतं. तिघांनीही पदरमोड करून पुस्तकं छापलेली, तिघांनाही पुरस्कार मिळालेले. विषय होता लेखनामागची प्रेरणा. एकाने नदी सांगितली, एका बाईंनी आजारपण. मी म्हणालो, रस्ता.

आमच्या बौद्ध वस्तीचा मसणवटा ओढ्यापलीकडे आहे. तिकडची जुनी वाट तात्यांच्या रानातून जायची. तात्या म्हणजे गावातले मोठे बागायतदार. त्यांनी वाट नांगरून ऊस लावला आणि तारेचं कुंपण घातलं. तेव्हापासून पावसाळ्यात आमची मयतं ओढ्याच्या पाण्यातून न्यावी लागतात. वडिलांना नेताना माझा पाय घसरला, तिरडी कलंडली आणि त्यांचं तोंड पाण्यात गेलं. अर्ज देऊन देऊन थकलो, तेव्हा लिहायला बसलो.

त्या कार्यक्रमाला तात्या पहिल्या रांगेत होते. शेवटी स्वतः उठून त्यांनी मला शाल पांघरली. म्हणाले, “दोनदा वाचलं बघा. तुमच्या बापाच्या पानावर रडू आवरलं न्हाई.” डोळे खरोखर भरले होते. एरवी मला ‘काय बे’ म्हणणारा माणूस ‘तुमी’ म्हणत होता. मला वाटलं, झालं, रस्ता सुटला. घरी येऊन आईला तसं सांगूनही टाकलं. “मला तरी कोरडं न्या बाबा,” एवढंच तिचं मागणं होतं.

आई ऐन पावसाळ्यात गेली. ओढ्याला छातीएवढं पाणी. मी तात्यांच्या ओसरीवर गेलो. त्यांनी खुर्ची दिली, हेही नवीनच. मग शांतपणे म्हणाले, “पुस्तकातलं येगळं, बांधावरचं येगळं. एकदा वाट दिली की रान कायमचं जातं. तुमी लिवणारा मानूस, तुमाला कळतंय की.”

कळलं. इतकी वर्षं मी समजत होतो की या लोकांना आमचं दुःख माहीतच नाही, तिथंच घोडं अडलंय. वाचतील, समजतील, मग कुंपण काढतील. केवढा भाबडा होतो मी. तात्यांना सगळं समजलं होतं, पान न् पान.

आईला आम्ही ओढ्यातूनच नेलं. तिरडी डोक्यावर धरली, तरी पाण्याच्या उसळीने आई भिजलीच.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला तात्या आले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “आता आईवर लिवा. लई चांगलं लिवता तुमी.” आलेल्या पाहुण्यांनी माना डोलवल्या. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी त्यांना चहा दिला.

त्यानंतर मी एक ओळ लिहिलेली नाही. न वाचणाऱ्यासाठी लिहिता येतं, कधीतरी वाचेल या आशेवर. ज्याने वाचलंय, त्याच्यासाठी आता काय लिहू?