थेंबाचा मार मोजणाऱ्या सिस्टर

प्रयोगशाळेत त्यांना सगळे ‘सिस्टर’च म्हणत. बावीस वर्षं त्या दवाखान्यात परिचारिका होत्या. मग एका तापात कानांनी दगा दिला. डॉक्टर सांगतील एक आणि आपण देऊ भलतंच औषध, या धास्तीनं त्यांनी आपणहून नोकरी सोडली. वर्षभर घरात बसून जीव आंबून गेला. तेव्हा भाचीनं माती-संशोधन केंद्रातली मदतनिसाची जागा सुचवली.

पावसाचा थेंब मातीवर किती जोरानं आदळतो, ते तिथे मोजायचे. वर नळीच्या टोकाला सुई, खाली बांगडीएवढा सेन्सर. थेंब पडला की संगणकाच्या पडद्यावर रेघ उसळायची. रेघ जितकी उंच, तितका थेंबाचा मार मोठा.

पण आकडे काही केल्या जुळेनात. उंची तीच, सुई तीच, तरी एक थेंब वाघ, तर दुसरा शेळी. संशोधक बाई तीन आठवडे हैराण होत्या. सेन्सर बदलायचं ठरतच होतं.

सिस्टर दिवसभर सेन्सरपाशी वाकून बघत राहिल्या. संध्याकाळी म्हणाल्या, “बाई, पहिला थेंब कोरड्यावर पडतो. पुढचे साचलेल्या पाण्यावर, म्हणजे गादीवरच की! मार लागणार कसा? आणि ही सुई टोचायची, तिरक्या तोंडाची. हिच्यातून थेंब सारखे सुटायचे नाहीत. सलाइन लावण्यात जन्म गेलाय माझा.”

बाईंनी सुईचं तोंड घासून सपाट केलं. सिस्टरांनी सेन्सरच्या कडेला कापसाची वात लावली. साचलेलं पाणी ती शोषून घेऊ लागली. दुसऱ्या दिवशी पन्नास थेंब पाडले. पन्नास रेघा जवळजवळ एकाच उंचीच्या!

“सिस्टर, वाचवलंत मला!” बाई ओरडल्या.

“हळू! कमी मला ऐकू येतं, शेजारच्यांना नाही.”

अहवालात आभारांच्या यादीत पहिलं नाव सिस्टरांचं छापलं गेलं. तो घेऊन त्या थेट भाचीकडे गेल्या. नेमक्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या,

“कान गेले तेव्हा वाटलं, आता आपला काही उपयोग नाही. तू मला अशा ठिकाणी धाडलंस, जिथे नुसतं नीट बघायचं असतं. तुझे उपकार कसे फेडू गं?”

“चहा टाक, मावशी,” भाची कानाजवळ येऊन म्हणाली. “साखर जरा जास्त.”

पुढे नऊ वर्षं सिस्टर तिथेच रमल्या.