बेकेलाइटचा कोपरा

आमचे मामा चुकतात, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर कोणी कितीही सांगून मला पटलं नसतं. सगळी नोकरी लेथवर गेली, निवृत्तीनंतरही खिशात केसभर माप घेणारं व्हर्नियर. मामी त्यांना मोजपट्टी म्हणायची, तेही तोंडावर.

ताईची, म्हणजे त्यांच्या मुलीची, गाडी जुनी, कार्बोरेटरवाली. उन्हात, गर्दीत थांबली की इंजिनाची धग वर चढायची, कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळायचं आणि गाडी भर चौकात मान टाकायची. मामांनी जुन्या स्विचबोर्डचं बेकेलाइट कापून इंजिन आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये बोटभर जाडीचा, मधे भोक पाडलेला चौकोनी तुकडा बसवला. धग खालीच अडली. भर दुपारी त्यांनी चाळीस किलोमीटर गाडी चालवून पाहिली, एकदाही बंद पडली नाही. स्वारी खूश.

तिसऱ्या दिवशी ताई चालत घरी आली. चेहरा पांढराफटक, एकाच पायात चप्पल. ट्रकच्या पुढे जाताना तिने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला आणि पाय उचलला तरी गाडीचा जोर कमी होईना. समोरून बस. तिने चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि गाडी कुंपणात घातली.

"बाबा, चूक माझीच," ती म्हणाली. "इतका दाबू नकोस, हे सांगून तुम्ही थकलात."

"मग! कार्टीला वेगाचं भारीच वेड!" मामी रडत रडतच बरसली.

मला घेऊन मामा गाडीपाशी गेले, बॉनेट उघडलं. "आत बस. तळापर्यंत दाब."

मी दाबला, पाय उचलला आणि उतरून पाहिलं. ॲक्सिलरेटरने फिरणारा कार्बोरेटरचा लिव्हर बेकेलाइटच्या कोपऱ्याला अडकला होता, तो मागे आलाच नव्हता. मामा जन्मात कधी अर्ध्याच्या पुढे पाय दाबत नाहीत, आणि गाडी त्यांनी त्याच पायाने तपासली होती. मी हबकलोच. "कोपरा घासून टाका मामा, कोणाला कळणार आहे?" असं बोलून गेलो. त्याची मला आजही लाज वाटते.

त्यांनी तिथेच पाना लावून तुकडा काढला, घरी आणून ताईपुढे ठेवला. "हा कोपरा मी गोल करायला हवा होता. तुझा पाय बरोबर होता. चूक माझी आहे, बाळ."

ताईने कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "बाबा, मी मेले असते."

"हो," मामा तिच्याकडे बघत म्हणाले.

तेव्हा कुठे ताईला रडू फुटलं.